आभाळ यायलंय, हरभरा आत्ता काढावा का थांबावं?

बांधावरून (सेलू, परभणी)
सोमवार, रात्री ८.४०

मंडळी, होळी आठवड्यावर आली आणि आज दुपारपासून पश्चिमेकडं आभाळ भरून यायलंय. माझं गणित सांगतो, तुम्ही तुमच्याकडचं सांगा.

चार एकर हरभरा, अडीच एकर ज्वारी, एकरभर गहू. गेल्या सप्टेंबरात रानात गुडघाभर पाणी होतं. सोयाबीन तर गेलंच, पण वाफसा (पेरणीजोगी ओल) यायलाही दिवाळी उलटली. हरभरा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडला. एरवी या दिवसांत आमच्या गावात अर्ध्या लोकांच्या राशी झालेल्या असतात. यंदा माझा दोन एकर खडखडीत वाळलाय आणि खालच्या दोन एकरात घाटे अजून पिवळट-हिरवे आहेत. त्या रानात ओल जास्त राहिली. ज्वारी दाण्यानं पक्की दिसते, पण धांडा (ताट) ओला आहे.

प्रश्न असा. अर्धा कच्चा असताना सगळा हरभरा काढून टाकावा, का वाळलेला तेवढा काढून बाकी उभा ठेवावा? खरीप गेल्यामुळं घरात सोयाबीनचा पैसा आला नाही. वर्षाचं सगळं या चार एकरांवर आहे, म्हणून मन थाऱ्यावर नाही.

मांजराकाठ (लातूर)
सोमवार, रात्री ९.०५

आमच्याकडं बी सकाळपासून लै उकडू लालंय. वारं बंद. संध्याकाळी ईशान्येकडून गार झुळूक आली अन् परत बंद. असलं उकडलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वावधन (वादळी वारं) सुटतंय, हे आजवर चुकलेलं न्हाई.

माझा तीन एकर हरभरा काढून ओळीनं पडलाय. टोळीवाल्या बाया उद्या येतो म्हणल्यात. उद्या सगळं गोळा करून बनीम (काढलेल्या मालाचा रचलेला ढीग) घालणार. तुमी वाळलेला तेवढा काढा. कच्चा काढलाव तर दाणा बारीक पडतंय अन् हिरवा राहतंय, अडत्याकडं गेलं की त्यो पहिला हात तिथंच घालतंय.

हवामानवेडी (परभणी)
सोमवार, रात्री १०.२०

दादा, मी कृषी हवामानशास्त्र शिकते. त्यामुळं आधी हे आभाळ कुठून आलं ते सांगते, म्हणजे निर्णय घ्यायला सोपं जाईल.

हिवाळा संपताना भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. एरवी ते काश्मीर-हिमाचलवरून बर्फ टाकून निघून जातात. कधी कधी त्यांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) खाली मध्य भारतापर्यंत लोंबते आणि वरच्या थरात थंड हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावर प्रतिचक्रवात (जास्त दाबाचं क्षेत्र) असला तर तो आपल्याकडं दमट वारं ढकलतो. विदर्भ, मराठवाडा, कर्नाटक असा वाऱ्यांच्या खंडिततेचा, म्हणजे वेगळ्या दिशांचे वारे जिथं भेटतात असा पट्टा तयार होतो. खाली तापलेली दमट हवा, वर थंड कोरडी हवा, की दुपारनंतर ढग उंच वाढतात. ढगातला वर जाणारा झोत जोरदार असेल तर पाण्याचे थेंब पुन्हा पुन्हा वर जाऊन गोठतात आणि गारा होतात. म्हणून गारपीट बहुतेक दुपारी दोन-तीननंतर ते रात्रीपर्यंत होते, सकाळी क्वचित. काढणी सकाळी उरकायची, हे जुने लोक सांगतात त्यात हेही एक कारण आहे.

उद्या मंगळवार. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज असतो. ते वाचूनच कच्च्या दोन एकरांचं ठरवा.

ज्वारीसाठी एक खूण. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढून त्याचं बूड पाहा. तिथं काळा ठिपका पडला असेल तर दाणा भरायचा थांबला आहे. त्यानंतर फक्त वाळणं उरतं, उभी ठेवून वजन वाढत नाही.

गोदाकाठ (नांदेड)
मंगळवार, सकाळी ६.५०

अंदाजावर माझा विश्वास बसत नाही. मागच्या वर्षी "विजांच्या कडकडाटासह पाऊस" म्हणून तीन दिवस काढणी थांबवली, मजूर दुसरीकडं गेले आणि आभाळातून एक थेंब आला नाही. त्याच्या आधीच्या वर्षी काहीच सांगितलं नव्हतं आणि रात्रीतून गहू आडवा झाला. मोबाईलवर तर रोज कोणी ना कोणी "महाराष्ट्रावर मोठं संकट" म्हणून व्हिडिओ टाकतंय. शेतकऱ्यानं कोणाकडं पाहावं?

हवामानवेडी (परभणी)
मंगळवार, सकाळी ७.३०

काका, तुमचा राग खरा आहे. पण अंदाजाचे शब्द मोजून वापरलेले असतात आणि ते कुणी समजावून सांगत नाही, ही आमची चूक आहे.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्या वर. उन्हाळ्याच्या तोंडाचा अवकाळी बहुतेक वेळा "तुरळक" असतो. म्हणजे चार गावांत तीन कोरडी राहिली तरी तो अंदाज चुकलेला नसतो. तुमचं गाव त्या तीनमध्ये होतं.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळ्या रंगावर काढणी थांबवायची गरज नसते. पिवळा दिसला की काढलेलं झाकायचं, उभं आहे ते सकाळी काढत राहायचं. ढग नेमका कुठं फुटणार हे तीन तास आधीच्या तातडीच्या इशाऱ्यात बरंचसं कळतं, पाच दिवस आधी नाही.

गोदाकाठ (नांदेड)
मंगळवार, सकाळी ८.०२

हे टक्क्यांचं मला आज कळलं. वय ५८. धन्यवाद बाई.

मास्तर_निवृत्त (अंबाजोगाई)
मंगळवार, सकाळी ९.४५

२०१४ ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आभाळ असं काही बसलं की मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, कुणी सुटलं नाही. आमच्या शिवारात गारांचा थर दुसऱ्या दिवशी सकाळीही बांधाच्या सावलीला होता. गव्हाची काडी नुसती चिरडली नव्हती, जमिनीत रुतली होती. लिंबाखाली मेलेल्या चिमण्या आणि साळुंक्या मी आणि शाळेच्या पोरांनी टोपलीत गोळा केल्या. त्या वर्षी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात ज्वारी इतकी काळी पडली की घरी खायलाही विकत आणली.

तेव्हापासून मी एक नेम केला. होळीच्या आत रानात काढलेला माल उघडा ठेवायचा नाही. उभा असला तर असू दे, पण काढलेला असला तर त्याच दिवशी बनीम आणि त्याच दिवशी ताडपत्री.

सेलूकर, तुमचे कच्चे दोन एकर उभेच ठेवा. मुळावर उभा हरभरा हलक्या पावसानं भिजला तरी वाऱ्यानं सुकतो. कापून ओळीत पसरलेला भिजला की खालून घाटे काळे पडतात आणि दोन दिवस आभाळ राहिलं तर दाणा मोड धरतो.

वसमतकरीण (हिंगोली)
मंगळवार, दुपारी १२.१५

तुमचं धान्य तरी उभं राहू शकतं, माझी हळद अंगणात पसरलीय. सव्वा एकराची हळद कुकरवर शिजवून झाली, आज पाचवा दिवस वाळवणीचा. बारा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं तेव्हा ती खडखड वाजते. मधी भिजली तर रंग उतरतो. आतून पिवळी असली तरी वरून काळपट दिसते आणि मोंढ्यात रंगावरच भाव ठरतो.

नवरा म्हणतो उन्हाळ्यात कशाला ताडपत्री. मी मागच्या साली सहा ताडपत्र्या घेतल्या, त्यातल्या दोन दिरानं नेल्या. दररोज संध्याकाळी पाचला हळद ओढून ढीग करते, झाकते, चारी बाजूंनी दगड. सकाळी नऊला परत पसरते. दोन बाया त्यालाच लागतात. पण झोप लागते.

सांगायचं म्हणजे, ताडपत्री नुसती टाकू नका. मधी उंचवटा ठेवा, पाणी साचलं की तिथंच गळतं. अन् ढिगाभोवती हातभर चर काढा, खालून आलेलं पाणीच जास्त नास करतं.

मांजराकाठ (लातूर)
मंगळवार, दुपारी १.००

ताई, दिराकडून त्या दोन ताडपत्र्या आधी परत घ्या, मग आभाळाकडं बगा.

वसमतकरीण (हिंगोली)
मंगळवार, दुपारी १.१०

आत्ताच पोराला पाठवलंय.

पुण्यातून (मूळ गाव जालना)
मंगळवार, रात्री ९.३०

वडील गावी एकटे आहेत. दीड एकर मोसंबी, आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार) धरलाय, फळं लिंबोळीएवढी झालीत. ते फोनवर म्हणतात "काही नाही रे, येतं आभाळ, जातं आभाळ." इथं बसून माझं मन लागत नाही. गारपीट झालीच तर त्यांना काय करायला सांगू? आणि विम्याचं कसं? गावातल्या फॉर्म भरणाऱ्यानं त्यांना सांगितलंय की काहीही झालं तरी ७२ तासांत तक्रार करायची, पैसे येतात.

बालाघाट (पाटोदा, बीड)
मंगळवार, रात्री १०.१०

विम्याचं नीट समजून घ्या, कारण अर्धं गाव जुन्याच माहितीवर बसलंय.

हरभरा, ज्वारी, गहू यांचा पीक विमा राज्यात २०२५ च्या खरिपापासून बदलला. एक रुपयात विमा बंद झाला. रब्बीला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का. भरपाई पीक कापणी प्रयोगात (निवडक शेतांतलं पीक कापून मोजतात त्यात) येणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. पूर्वी काढून पसरलेला माल चौदा दिवसांत भिजला तर ७२ तासांत कळवून वेगळी भरपाई मागता यायची. तो भाग राज्यानं काढून टाकला. म्हणजे तुमच्या एकट्याची बनीम भिजली आणि मंडळाचं उत्पन्न चांगलं आलं, तर विम्यातून हाती काही नाही.

फळबागेचं वेगळं आहे. हवामान आधारित फळपीक विमा घेतला असेल आणि त्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल, तर मात्र ७२ तासांत कळवावंच लागतं. वडिलांना पावतीवर गारपिटीचा रकाना बघायला सांगा.

सरकारी मदत तिसरी. पंचनाम्यात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं. म्हणून नुकसान झालं तर आवराआवर करण्याआधी फोटो काढायचे, तारीख आणि ठिकाण दिसेल असे, आणि तलाठ्याला त्याच दिवशी सांगायचं. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) झालेली नसेल तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि मग सगळंच अडतं. मी हे स्वतः भोगलंय. दोन वर्षांमागं माझ्या उताऱ्यावर पीकच नव्हतं, गहू भुईसपाट झाला होता आणि मी बांधावर उभा राहून पंचनामा करणारे शेजारच्या रानातून परत जाताना पाहिले.

केसरबाग (कळंब, धाराशिव)
बुधवार, सकाळी ६.३०

पुण्यातून, मोसंबीसाठी. गारा पडल्या तर पहिली दोन कामं. पडलेली फळं-पानं गोळा करून बागेबाहेर न्यायची. मोडलेल्या फांद्या करवतीनं स्वच्छ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, झाडभर फवारणी. जखमेतून बुरशी शिरते ती अशानं अडते. लगेच जास्त पाणी किंवा युरिया देऊ नये, झाडाला सावरू द्यावं.

आता माझं. केशरची २२० झाडं. यंदा मोहोर दोन टप्प्यांत आला. पहिला डिसेंबरच्या थंडीत, दुसरा जानेवारी अखेर. पहिल्याला वाटाण्याएवढी कैरी आहे, दुसरा अजून फुलात. दिवसा चौतीस-पस्तीस आणि पहाटे तेरा-चौदा असा ताण चाललाय, त्यामुळं बारकी कैरी गळतेय. गळीसाठी एनएए (फळगळ थांबवणारं संजीवक) वीस पीपीएम, म्हणजे शंभर लिटरला दोन ग्रॅम, हे मी दरवर्षी वाटाण्याच्या अवस्थेत मारतो. पण आभाळ असताना थांबलोय, पाऊस आला तर औषध धुऊन जाईल. आणि ढगाळ दमट हवेत फुलातल्या मोहोराला भुरी रोग आणि तुडतुडे कीड एकाच वेळी लागतात. काल सकाळी दोन झाडांवर पांढुरकं दिसलं. पोटात गोळा आला.

कडबा_कुट्टी (गेवराई, बीड)
बुधवार, सकाळी ८.२०

सगळे दाण्याचं बोलायलेत, कडब्याचं कुणीच नाही. माझ्याकडं अकरा जनावरं. कडबा एकदा भिजला की काळा पडतो, बुरशी धरते, म्हशी तोंड लावत नाहीत. मग मे-जूनमध्ये विकतचा चारा घेऊन दुधाचा धंदा परवडत नाही. ज्वारीचं क्षेत्र आमच्याकडं दरवर्षी कमी व्हायलंय, लोक हरभऱ्याकडं वळले. जी थोडी मालदांडी ज्वारी उभी आहे तिचा कडबा सोन्यासारखा जपावा लागतो.

सेलूकर दादा, तुमची ज्वारी काढली तर पेंढ्या आडव्या टाकू नका. कणसं मोडून घरात न्या, पेंढ्या उभ्या टेकवून झोपडीसारख्या लावा. पाऊस आला तरी वरचा थर भिजतो, आतला राहतो.

बांधावरून (सेलू, परभणी)
बुधवार, रात्री ८.००

सगळ्यांचं दोनदा वाचलं. हे केलंय:

काल आणि आज पहाटे साडेपाचला दंव असताना वाळलेला दोन एकर काढला. दंवात घाटे फुटत नाहीत, ऊन चढलं की हात लावताच सांडतात. बायका मिळाल्या सहा, घरचे चार. आज दुपारपर्यंत बनीम घातली. खाली पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या झाडांचा) थर, वर ताडपत्री, भोवती चर. कच्चे दोन एकर उभे ठेवले. ज्वारीच्या दाण्याचं बूड पाहिलं, काळा ठिपका आहे. पण हातच पुरले नाहीत, ज्वारी अजून उभी आहे.

पत्रकात उद्या आणि परवा तुरळक ठिकाणी विजांसह हलका पाऊस, वारं ताशी ३० ते ४० किलोमीटर असं आहे. आता टक्क्यांचा अर्थ कळतोय, त्यामुळं तेवढा घाबरलो नाही.

चिंचेखाली (भूम, धाराशिव)
गुरुवार, दुपारी ३.४०

आत्ता आमच्याकडं गडगडायला लागलंय. चिंचा झोडायला माणसं झाडावर होती, सगळी खाली उतरवली. दोघं म्हणत होते आणखी एक फांदी करू, मी ओरडलो.

विजेचं लिहितो, हातातलं काम सोडून लिहितोय. आपल्याकडं वीज पडून माणसं जातात ती बहुतेक झाडाखाली आडोशाला गेलेली किंवा मोकळ्या रानात उभी राहिलेली. माझा चुलतभाऊ असाच गेला, चिंचेखाली, बैल सोडायला गेला होता. दोन्ही बैल आणि तो. अकरा वर्षं झाली. वीज दिसल्यापासून मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जनावर झाडाला बांधू नका. रानात अडकलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं झोपू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अॅप मोबाईलवर ठेवा, आजूबाजूला वीज पडत असली की ते सांगतं.

बनीम भिजली तर भिजू द्या. ताडपत्री धरायला गडगडाटात कुणी पळू नका.

मांजराकाठ (लातूर)
गुरुवार, सायंकाळी ५.१५

अण्णा, वाचून गप्प झालो. आमच्याकडं आभाळ काळंभोर हाय. पोरं घरात घेतलीत.

नाथसागर (पैठण)
गुरुवार, रात्री ९.००

इकडं फक्त वारं आणि धूळ, पाऊस नाही.

थोडं पुढचं बोलू का? सगळे आठवड्याचं बघतायत, मला एप्रिल-मेची काळजी. यंदा धरणं भरली म्हणून लोक निर्धास्त आहेत. उन्हाळी भुईमूग, ऊस, बाजरी, सगळं वाढलंय. पण नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) पसरट आहे, उन्हाळ्यात त्याचं पाणी नुसतं उडून जातं. आणि उन्हाळा आता लवकर सुरू होतो. २०२५ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता, २०२२ च्या मार्चमध्ये दिवसाच्या तापमानानं तसाच विक्रम केला होता. त्या मार्चमध्ये गव्हाचा दाणा पोचट राहिला ते आम्ही पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याला फार वर्षं झाली नाहीत.

गोदाकाठ (नांदेड)
गुरुवार, रात्री ९.४०

तेच. आमच्या गावात आत्तापासून एल निनोची चर्चा चाललीय. कुणी म्हणतं पुढचा पावसाळा गेला. बाई, तुम्ही आहात का?

हवामानवेडी (परभणी)
गुरुवार, रात्री १०.३०

आहे काका.

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापणं. हा महासागर फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये एका अवस्थेतून दुसरीकडं वळत असतो, त्यामुळं या महिन्यांत केलेला एल निनोचा अंदाज वर्षातला सगळ्यांत कच्चा असतो. मेनंतर तो बराच पक्का होतो. आणि एल निनो म्हणजे दुष्काळच, असंही नाही. २०१५ आणि २०२३ ला आपल्याला फटका बसला हे खरं. पण १९९७ ला एल निनो फार जोरदार होता आणि देशात पाऊस सरासरीएवढा झाला. हिंदी महासागराचं तापमानही पाहावं लागतं.

हवामान विभाग उन्हाळ्याचा, म्हणजे मार्च ते मेचा अंदाज फेब्रुवारीच्या शेवटी देतो. पावसाळ्याचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला आणि सुधारित मेच्या अखेरीस. बियाण्याचं ठरवायला मेअखेरचा बघा. आत्ता ऐकून सोयाबीन की कापूस ठरवू नका.

उष्णतेच्या लाटेचंही सांगते. सपाट भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की लाट म्हणतात. ४५ झालं तर सरासरी न बघताच. एप्रिल-मेमध्ये आमच्या परभणीत ४२-४३ नेहमीचंच, त्यामुळं कधी कधी लाट जाहीर होत नाही पण माणूस रानात कोसळतो. लाट जाहीर झाली का नाही ते न बघता अकरा ते चार रानात राबू नका.

मास्तर_निवृत्त (अंबाजोगाई)
शुक्रवार, सकाळी ७.१५

काल रात्री आठला इथं वीस मिनिटं पाऊस झाला, गारा नाहीत. मातीचा वास सुटला. एरवी किती आवडतो तो वास, काल अंगावर काटा आला.

गावाकडं होळीचा धूर कुठं जातो ते पाहून पावसाळा सांगतात. पूर्वेकडं गेला तर चांगला, दक्षिणेकडं गेला तर वाईट, अशी आमच्याकडची समजूत. पाडव्याला पंचांगात पर्जन्यफल ऐकतात. मी विज्ञान शिकवलं, तरी होळीला धुराकडं बघतोच. तो बघताना गावातली सगळी माणसं एका जागी उभी असतात आणि कुणाच्या रानात काय आहे हे एकमेकांना सांगतात. ते मला फार मोलाचं वाटतं.

पुण्यातून (मूळ गाव जालना)
शुक्रवार, सकाळी ९.००

वडिलांचा फोन आला. रात्री वारं फार, फळं गळाली, टोपलीभर असतील म्हणतात. गारा नाहीत. पावती शोधायला लावली, गारपिटीचा हप्ता भरलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी मी स्वतः येऊन भरणार. आणि होळीला गावी जातोय, तिकीट काढलं.

बालाघाट (पाटोदा, बीड)
शुक्रवार, सकाळी ९.२०

जा. तुमच्या बापाला मोसंबीपेक्षा त्याचं जास्त बरं वाटेल.

केसरबाग (कळंब, धाराशिव)
शनिवार, सायंकाळी ६.१०

आज ऊन पडलं. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक मारलं, सकाळी लवकर. पहिल्या टप्प्याची कैरी शाबूत आहे. दुसऱ्या मोहोराचं काळं पडून गळणं सुरू झालंय, निम्मा तरी जाईल. शेजारच्या बागेला गारा लागल्या, माझ्यापासून दीड किलोमीटर. त्यांच्याकडं जाऊन आलो, दोघांनाही बोलता येईना. उद्या आम्ही चौघं त्यांच्या फांद्या कापायला जाणार आहोत.

वसमतकरीण (हिंगोली)
रविवार, दुपारी २.००

हळद वाचली. दिरानं ताडपत्र्या परत दिल्या, त्याच कामाला आल्या.

बांधावरून (सेलू, परभणी)
बुधवार, रात्री ९.१५

होळी झाली, आज हिशोब लिहितो.

गुरुवारी रात्री आमच्याकडं पंधरा-वीस मिनिटं पाऊस आणि जोराचं वारं झालं. बनीम कोरडी राहिली. चरात पाणी होतं, आत आलं नाही. काल मळणी केली, दोन एकरात साडेतेरा क्विंटल. दाणा टपोरा, रंग स्वच्छ. उभे ठेवलेले दोन एकर भिजले, पण शुक्रवारी दुपारी ऊन पडलं आणि वारंही होतं. काही घाटे वरून डागाळलेत, फोडून बघितलं तर आत दाणा बरा आहे. आता तोही वाळलाय. बांधापलीकडच्या मामांनी सगळा एकदम काढून ओळीत टाकला होता. त्यांचा खालचा थर काळा पडला. रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून तो उलटून दिला, निम्मा हाती लागेल.

ज्वारी मात्र अर्धी आडवी झाली. ती उपटायला बायका दुप्पट मजुरी मागतात आणि त्यांचंही बरोबर आहे, वाकून वाकून कंबर जाते. कणसं मातीला लागलीत ती आधी मोडून आणतोय. कडबा_कुट्टी, तुमच्या सांगण्याप्रमाणं उभ्या राहिलेल्याच्या पेंढ्या टेकवून लावल्यात. आडव्या पडलेल्या ज्वारीचा कडबा जनावराला चालेल का, माती झटकून?

कडबा_कुट्टी (गेवराई, बीड)
बुधवार, रात्री ९.५०

चालेल. दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट करून वाळवा, झटका, आणि बुडखा हातभर छाटून टाका. बुरशीचा वास आला तेवढा भाग उकिरड्यावर. जास्त झाला तर सांगा, मी गाडी घेऊन येतो.

हवामानवेडी (परभणी)
बुधवार, रात्री १०.०५

दादा, शनिवार-रविवारी पुन्हा ढग दिसतायत, अजून पिवळाही इशारा नाही. शुक्रवारचं पत्रक आलं की इथंच लिहिते. राहिलेला हरभरा त्याआधी काढता येईल का?

बांधावरून (सेलू, परभणी)
बुधवार, रात्री १०.२०

उद्या पहाटे साडेपाचला लागतोय. आठ बायका येतायत. ताडपत्री एक कमी आहे, ती मामांकडून आणली.